वाण चांगला, पण जमीन कोणती? मराठी प्रयोग परक्या प्रेक्षकापुढे नेताना

या ब्लॉगवर मी एरवी ज्वारीचे वाण, जमिनीचा पोत आणि त्यातून निघणारे आकडे यांबद्दल लिहिते. आजचा विषय नाटक आणि लावणीचा आहे. पण घाबरू नका, अवजारं तीच वापरणार आहे.

प्रश्न असा: आपल्याकडचा रंगमंचावरचा कलावंत आपलं काम जगातल्या प्रेक्षकांपुढे कसं नेऊ शकतो? देवळाली प्रवरात बसून हा प्रश्न विचारला तर कुणी म्हणेल, आधी नगरपर्यंत जाऊ द्या. पण आमच्या जिल्ह्यात कलावंतांचा दुष्काळ कधीच नव्हता. अनंत फंदी संगमनेरचे. कांताबाई सातारकर त्याच संगमनेरात राहिल्या. तिकडे जामखेडला कला केंद्रं आहेत, तिथे लावणी रोज गायली जाते. चैत्रात यात्रा सुरू झाल्या की फड एका रात्रीत तंबू ठोकतात, खेळ करतात आणि पहाटे पुढच्या गावाला निघतात. दौरा कसा करायचा हे या लोकांना शिकवायची गरज नाही. अडतं ते दुसरीकडे.

कुठे अडतं, ते या लेखात सांगते. त्यासाठी काही गाजलेल्या मराठी प्रवासांकडे जरा टीकेच्या नजरेनं बघू.

परदेशात जाणं आणि परक्यापर्यंत जाणं

पहिल्यांदा दोन गोष्टी वेगळ्या करू, कारण आपल्याकडे त्या कायम एकत्र मोजल्या जातात. कलावंताच्या परिचयात 'अमेरिका, लंडन, दुबई येथे प्रयोग' असं लिहिलेलं असतं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ तिथल्या महाराष्ट्र मंडळात प्रयोग झाला असा असतो. बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना एकत्र बांधून आहे, त्यांची अधिवेशनं दर दोन वर्षांनी भरतात आणि तिथे नाटकं, गाणी सगळं होतं. हे काम मोलाचं आहे. घरापासून हजारो मैलांवर राहणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत हसायला मिळणं ही छोटी गोष्ट नाही. पण तो प्रेक्षक परदेशात असला तरी परका नाही. त्याला 'सदाशिव पेठ' म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

डॉ. लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' घ्या. एक माणूस, 52 भूमिका. नावातच लंडन आहे आणि प्रयोग परदेशातल्या मराठी प्रेक्षकांसमोरही झाले. पण त्या प्रयोगाची ताकद कशात होती? माणूस बदलला हे आपल्याला बोलीच्या वळणावरून कळायचं. वाक्याचा हेल बदलला की म्हातारा जाऊन पोरगा यायचा. मराठवाडी कान असलेला प्रेक्षक त्यातला कणन् कण टिपायचा. मराठी न येणाऱ्याला त्यातलं काय पोचेल? चपळ अंग, बदलणारे चेहरे. म्हणजे ताटातली चटणी-कोशिंबीर. भाकरी आपल्याकडेच राहिली.

यामुळे तो प्रयोग कमी ठरत नाही. तो एका विशिष्ट जमिनीसाठीचा उत्तम प्रयोग आहे, एवढाच याचा अर्थ. आता हे 'जमीन' प्रकरण जरा नीट सांगते.

एक छोटासा ग्राफ

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे रब्बी ज्वारीचे वाण आमच्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असतात. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा, आणि भारी जमीन अधिक पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. 'यातला सगळ्यात चांगला कोणता?' असं विचारलंत तर शेतकरी उलट विचारेल, 'रान कसंय तुमचं?' त्याचा तो प्रश्न म्हणजे आमच्या शास्त्राचा एक अख्खा अध्याय आहे: वाण आणि वातावरण यांची आंतरक्रिया.

1966 मध्ये एबरहार्ट आणि रसेल या दोन संशोधकांनी हे मोजायची एक सोपी रीत मांडली. अनेक वाण अनेक ठिकाणी पेरायचे. एका ठिकाणच्या सगळ्या वाणांची सरासरी काढली की ते ठिकाण किती अनुकूल आहे हे कळतं. मग ठिकाणं कमी अनुकूल ते जास्त अनुकूल अशी लावायची आणि एकेका वाणाचं उत्पादन त्यांच्यापुढे मांडून रेषा काढायची. रेषेचा उतार 1 च्या आसपास असेल तर जागा जितकी सुधारते तितकाच वाणही सुधारतो. उतार 1 पेक्षा बराच जास्त असेल तर तो वाण चांगल्या जागी उसळी मारतो आणि वाईट जागी आपटतो. उतार कमी असेल तर फार उसळी नाही, पण पडत्या जागीही तग धरतो. शिवाय ठिपके रेषेपासून किती विखुरलेत तेही बघायचं. फार विखुरलेले असतील तर त्या वाणाचा भरवसा धरता येत नाही.

टाळ्या काही क्विंटलमध्ये मोजता येत नाहीत, त्यामुळे हे मोजमाप म्हणून वापरू नका. विचार करायची पद्धत म्हणून वापरा. आपण प्रयोगाबद्दल बोलताना फक्त सरासरी बोलतो: 'जोरात झाला', 'हाउसफुल्ल गेला'. तो कुठल्या जमिनीत झाला आणि जमीन बदलली की त्याचं काय होतं, हे विचारत नाही. परक्या प्रेक्षकाकडे जायचं तर हाच प्रश्न आधी विचारावा लागतो.

घाशीराम: पीक जसंच्या तसं गेलं

मराठीतलं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे 'घाशीराम कोतवाल'. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद. 16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशननं पहिला प्रयोग केला. 19 प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं. मग मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि 1974 पासून तिनं हे नाटक पुन्हा चालवलं. 1980 मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर गेलं.

जाण्याआधी काय गदारोळ झाला हे जुन्या पिढीला आठवत असेल. नाना फडणवीसांची, पर्यायानं महाराष्ट्राची, परदेशात बदनामी होईल असा आक्षेप होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. हे नाटक म्हणजे इतिहास नव्हे, खरे नाना असे नव्हते, अशा आशयाचं निवेदन प्रयोगाआधी वाचायचं ठरलं आणि दौरा झाला.

इथे थोडं थांबा. परक्या प्रेक्षकाबद्दलचा केवढा मोठा गैरसमज या वादात आहे! आक्षेप घेणाऱ्यांनी असं धरलं होतं की जर्मन किंवा फ्रेंच माणूस नाट्यगृहात बसून पेशवाईचा इतिहास तपासेल. त्याला नाना कोण हेच ठाऊक नव्हतं. बदनामी व्हायला आधी नाव माहीत असावं लागतं. मग त्याला दिसलं काय?

त्याला दिसली माणसांची भिंत. ब्राह्मणांची एक रांग रंगमंचावर उभी राहते, डुलते, गाते. पाठ फिरवली की ती पडदा होते. वळली की गर्दी होते. फट पडली की दार होतं. त्या भिंतीआड काय चाललंय ते ती लपवते आणि लपवतेय हेही दाखवते. भजनाच्या चालीवरून बावनखणीतल्या शृंगारावर आणि परत भजनावर, अशी ती श्वास न घेता ये-जा करते. मोहन आगाशेंचा नाना त्या रांगेशी खेळतो, तिच्यात शिरतो, तिच्यातून निघतो. सत्ता एक माणूस हाताशी धरते, त्याला पिसाळू देते आणि काम झालं की गर्दीपुढे टाकते, ही गोष्ट त्या भिंतीच्या हालचालीत मांडलेली आहे. ती समजायला मराठी यावी लागत नाही. विसाव्या शतकातल्या युरोपला तर ती कुणी शिकवायचीही गरज नव्हती.

म्हणजे घाशीरामचा उतार 1 च्या जवळचा आहे का? माझं उत्तर: रचनेचा आहे, आशयाचा अर्धाच आहे. कारण परक्या जमिनीत या नाटकाचा एक मोठा भाग उगवतच नाही. पुण्यात ते बघताना मराठी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो 'हे आपण आहोत' म्हणून येतो. रमण्याची दक्षिणा, जातीचा ताठा, सोवळं आणि चोरटेपणा यांची एकत्र वस्ती, हे सगळं ओळखीचं असतं, म्हणून टोचतं. बर्लिन किंवा लंडनच्या प्रेक्षकाला ते टोचायचं काही कारण नाही. तो देखणी, लयदार, क्रूर गोष्ट बघतो आणि थक्क होतो. थक्क होणं आणि टोचणी लागणं यांत फरक आहे. मायदेशात ज्या नाटकानं भांडणं लावली तेच नाटक परदेशात फक्त देखणं म्हणून वाखाणलं जाऊ शकतं. ही प्रवासाची किंमत आहे आणि ती माहीत असून मोजावी.

तरीही घाशीराममधून एक ठोस गोष्ट शिकता येते. प्रवास सोपा व्हावा म्हणून त्या मंडळींनी नाटक पातळ केलेलं नव्हतं. प्रवासाची सोय नाटकाच्या हाडातच होती. कोकणातल्या खेळ्यांची, दशावताराची, तमाशाची बांधणी अशी आहे की ती मुळात नेपथ्यावर अवलंबून नाही. माणसंच घर होतात, माणसंच रस्ता होतात.

बियाणं आणि कलम

सगळं पीक न नेता फक्त बियाणं न्यायचं, असाही एक मार्ग आहे. 2004 मध्ये न्यूयॉर्कला तेंडुलकरांच्या नाटकांचा महोत्सव झाला. त्यात 'सखाराम बाइंडर' तिथल्या प्ले कंपनी या संस्थेनं इंग्रजीत केलं, चंपाच्या भूमिकेत सरिता चौधरी होत्या. तेंडुलकरांनी या निमित्तानं 'हिज फिफ्थ वुमन' हे नाटक थेट इंग्रजीत लिहिलं. इथे मराठी नट गेले नाहीत, मराठी संहिता गेली आणि तिथल्या मातीत तिथल्या लोकांनी पिकवली. छोटा संच, एक घर, एक पुरुष आणि त्याचे करार. कुठल्याही शहरात उभं राहील असं नाटक.

हा मार्ग स्वस्त आहे आणि लेखकाच्या दृष्टीनं उत्तम आहे. पण तुम्ही नट, गायक, ढोलकीवाले किंवा नर्तिका असाल तर या मार्गावर तुम्हाला जागाच नाही. 'मराठी रंगभूमी जगात पोचली' असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कोण पोचलं, हे विचारायला हवं.

तिसरा मार्ग कलमाचा. 2012 मध्ये लंडनच्या शेक्सपिअर्स ग्लोबनं 37 नाटकं 37 भाषांमध्ये करून घेतली. भारतातून 'ट्वेल्थ नाइट' हिंदीत गेलं, तेच पुढे 'पिया बहुरूपिया' म्हणून गाजलं. दिग्दर्शक अतुल कुमार, रूपांतर अमितोष नागपालचं आणि व्हायोलाच्या भूमिकेत आपली गीतांजली कुलकर्णी. 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल' गुजरातीत गेलं, सुनील शानबागांच्या दिग्दर्शनाखाली, मुंबईच्या जुन्या भांगवाडी रंगभूमीच्या ढंगात. म्हणजे मुंबईतल्या रंगकर्मींनी उभी केलेली दोन नाटकं गेली. त्या 37 मध्ये मराठी मात्र नव्हती. यावर हळहळ करण्यापेक्षा त्या दोन प्रयोगांनी काय केलं ते बघणं जास्त उपयोगाचं.

'पिया बहुरूपिया'मध्ये खुंट शेक्सपिअरचा, म्हणजे प्रेक्षकाला गोष्ट ठाऊक. त्यावर कलम आपल्या गाण्याबजावण्याचं. नट मागे बसून कोरस गातात, पाळी आली की पुढे येतात, आपल्या फडाला अगदी ओळखीची रीत. मध्येच अमितोष नागपाल भूमिकेतून बाहेर येऊन रूपांतरकाराला कुणी विचारत नाही अशी तक्रार करतो आणि सगळं थिएटर हसतं. आणखी एक बारकावा: ग्लोबनं या महोत्सवात वाक्यागणिक भाषांतर पडद्यावर दाखवलं नाही. प्रत्येक प्रवेशात काय घडतं एवढंच थोडक्यात दाखवलं. त्यामुळे प्रेक्षकाचे डोळे वाचण्यात न अडकता नटावर राहिले.

या मार्गाचीही एक खोट आहे. खुंट कायम त्यांचाच असेल तर आपली स्वतःची गोष्ट कधी जाणार? शेक्सपिअरच्या हाताला धरून आत शिरणं ठीक आहे, पण दर वेळी तोच हात धरायचा तर आपण पाहुणेच राहू.

लावणीचं अवघड गणित

आता खऱ्या अवघड प्रश्नाकडे येते. परदेशी महोत्सवासाठी कार्यक्रम बसवायचा म्हटलं की आपल्याकडे एक ठरलेला सल्ला मिळतो: शब्द कमी करा, वेग वाढवा, रंग वाढवा, वीस मिनिटांत आटपा. मग लावणी, कोळीनृत्य, गोंधळ, धनगरी गजा आणि शेवटी झेंडा, असं मिश्रण तयार होतं. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. का ते बैठकीच्या लावणीवरून सांगते.

बैठकीच्या लावणीत गाणारी बाई बसून एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. दर वेळी डोळा वेगळा, मानेची कलती वेगळी, हाताचा अर्थ वेगळा. एकाच शब्दाचे पाच अर्थ ती उलगडून दाखवते. इथे कला सगळी शब्द आणि अदा यांच्यामधल्या फटीत आहे. शब्द कळले नाहीत तर फटही दिसत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा खूप मोठ्या उताराचा वाण आहे: जाणत्या बैठकीत अफाट, अजाण बैठकीत रिकामा.

आता ठरलेला सल्ला यावर काय करतो? तो अदा काढून टाकतो आणि ठेका ठेवतो. म्हणजे वाण बदलून टाकतो आणि नाव जुनंच ठेवतो. परदेशी प्रेक्षक टाळ्या वाजवतो, पण त्यानं लावणी पाहिलेली नसते.

दुसरा उपाय म्हणजे वाणाला हात न लावता जमीन तयार करायची. याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच घडलंय. भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांचा 'संगीत बारी' हा कार्यक्रम आठवा. शकुंतलाबाई नगरकर, मोहनाबाई महाळंग्रेकर यांच्यासारख्या पारंपरिक कलावंत बाया लावणी सादर करतात आणि मध्ये मध्ये निवेदनातून त्या दुनियेची ओळख होत जाते: बारी म्हणजे काय, बैठक कशी बसते, दाद कशी द्यायची. हा खटाटोप कुणासाठी होता? पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट काढून येणाऱ्या मराठी प्रेक्षकासाठी. त्यांतल्या कित्येकांनी कला केंद्राची पायरी कधी चढलेली नव्हती. भाषा तीच असून तो प्रेक्षक परकाच होता आणि या कार्यक्रमानं त्याला तासा-दोन तासांत ऐकायला शिकवलं.

इथे माझा मुद्दा येतो. परका प्रेक्षक विमानतळाच्या पलीकडे सुरू होत नाही, तो पुढच्या तालुक्यात सुरू होतो. कामाला कात्री न लावता पुण्याच्या अनोळखी प्रेक्षकाला आत घ्यायची युक्ती ज्याला सापडली, त्याच्याकडे बर्लिनची अर्धी तयारी झालेली असते. ज्याला ती सापडली नाही, त्यानं व्हिसा मिळवला तरी तो तिथे जाऊन फक्त रंगीत कपडे दाखवेल.

पेरणीआधीची चाचणी

कुठलाही वाण एका प्लॉटवर चांगला आला म्हणून प्रसारित होत नाही. तीन-चार हंगाम, अनेक ठिकाणं, शेजारी तुलनेसाठी जुना वाण, मग निर्णय. प्रयोगाचंही असंच करता येईल.

पहिली पायरी, मराठी न येणारा पण भारतातलाच प्रेक्षक. केरळमध्ये त्रिशूरला आंतरराष्ट्रीय नाट्यमहोत्सव होतो, राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा भारत रंग महोत्सव 1999 पासून चालू आहे, आपल्या शेजारी पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. त्रिशूरच्या माणसाला तुमची मराठी जर्मन माणसाइतकीच परकी आहे आणि तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. तिथे प्रेक्षक कुठे ताठ बसतो आणि कुठे चुळबुळ करतो, ते प्रवेशागणिक लिहून ठेवा. ती वही म्हणजे तुमचा डेटा.

दुसरी पायरी, भाषांतर. पडद्यावरच्या ओळी हा प्रयोगाचाच भाग आहे, शेवटच्या आठवड्यात कुणाकडून तरी उरकून घ्यायचं काम नव्हे. विनोदाची ओळ नटाच्या आधी पडद्यावर आली की हशा पडद्याला मिळतो आणि नट उघडा पडतो. ओळी पुढे सरकवणारा माणूस तालमीत हवा, त्याला ठेका कळायला हवा. गाणं असेल तर मुखड्याचा अर्थ सुरुवातीला एकदाच सांगा आणि मग गप्प बसा. बाईच्या डोळ्याशी पडद्यानं स्पर्धा करू नये.

तिसरी पायरी, कागद. परदेशी महोत्सवाचा माणूस दोन मिनिटांची झगमगीत क्लिप बघून निर्णय घेत नाही. त्याला एका कॅमेऱ्यानं, न कापता घेतलेला पूर्ण प्रयोग हवा असतो. सोबत एक पान: माणसं किती, वेळ किती, रंगमंच किती रुंद, दिवे किती, सामानाचं वजन किती. अमेरिकेत पारंपरिक कलांसाठी पी-3 नावाचा व्हिसा आहे, पण त्याचा अर्ज तिथल्या यजमानाला करावा लागतो. म्हणजे आधी यजमान, मग व्हिसा. वाद्यं आणि सामान तात्पुरतं नेऊन परत आणायचं तर एटीए कार्नेट नावाचा कागद असतो, आपल्याकडे तो फिक्कीकडून मिळतो. सरकारी मार्गानं जायचं तर 1950 मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे, तिच्या यादीत नाव नोंदवावं लागतं. एडिनबराच्या फ्रिंजला तर कुणाचं निमंत्रणही लागत नाही, जागा ठरवली की कुणीही खेळ करू शकतो. पण जागेचं भाडं, राहणं, जाहिरात सगळं आपल्या खिशातून. कर्ज काढून तिथे जाण्याआधी शंभरदा विचार करा.

आणि एक अगदी साधी गोष्ट. आपल्याकडे कलावंत गावाच्या नावानं ओळखले जातात: नारायणगावकर, सातारकर, नगरकर. पोस्टरवर एक नाव, आधार कार्डावर दुसरं, बँकेत तिसरं असेल तर निमंत्रण येऊनही काम अडतं. हे आजच दुरुस्त करता येतं.

जातं कोण आणि राहतं कोण

आता सगळ्यात नावडता मुद्दा. वरची यादी पुन्हा वाचा. ती इंग्रजी येणाऱ्या, संस्था नोंदवलेल्या, लॅपटॉप असलेल्या माणसासाठी आहे. घाशीरामची बांधणी खेळ्यांच्या आणि तमाशाच्या परंपरेतून आली. युरोपला गेली ती पुण्यातली शिकलेली हौशी मंडळी. त्यांनी काम अस्सल केलं याबद्दल शंका नाही. पण रूप ज्यांचं होतं ते फड त्या वर्षीही यात्रेच्या सुपाऱ्यांसाठी नारायणगावात राहुट्या टाकून गावकऱ्यांची वाट बघत होते.

शेतीत याला समांतर भांडण आहे. गावरान वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. पैदासकार त्यातला एखादा गुण उचलतो आणि नवा वाण काढतो. मग प्रश्न येतो, मूळ जपणाऱ्याला काय? आपल्या देशानं 2001 मध्ये पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला, त्यात जपणाऱ्या शेतकऱ्यालाही वाटा मिळण्याची तरतूद आहे. अंमलबजावणीबद्दल भांडता येईल, पण निदान तत्त्व कागदावर आहे. लोककलेचं रूप घेऊन बनवलेल्या प्रयोगांना असं तत्त्वही नाही. म्हणून परदेशी दौऱ्याचं कुठलंही प्रकरण तपासताना मी तीन गोष्टी बघते: परंपरेतला कलावंत रंगमंचावर आहे का, करारात त्याचं नाव आहे का, आणि निवेदकाला जेवढं मानधन तेवढं त्याला आहे का. यांतलं एकही नसेल तर टाळ्या कितीही पडोत, मला तो हिशेब पुरा वाटत नाही.

देवाणघेवाणीचं एक चांगलं उदाहरणही आपल्याकडे आहे. 1980 च्या दशकात बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची बालनाट्याची रीत मोहन आगाशेंच्या पुढाकारानं पुण्यात आली. वोल्फगांग कोलनेडर यांनी इथे येऊन नाटक बसवलं, जर्मन नाटकं मराठी होऊन रुजली आणि पुण्याच्या मुलांची झाली. दौरा संपला की संबंध संपतो, पण एकत्र काम केलं तर टिकतो. त्यामुळे परदेशी महोत्सवानं विचारलं तर 'किती प्रयोग देता?' याबरोबर 'तुमचा एक माणूस आमच्याकडे महिनाभर पाठवता का?' हेही विचारावं.

मग मी कुणाला पाठवेन?

टीका करणाऱ्यानं शेवटी स्वतःची निवडही सांगावी. मी मोठा फड पाठवणार नाही आणि वीस मिनिटांचं मिश्रण तर नाहीच. मी बैठकीची लावणी पाठवेन: एक गाणारी, दुसरी तिला साथ देणारी, एक ढोलकी, एक पेटी आणि एक निवेदक. पाच माणसं. शंभरेक लोकांची खोली, प्रेक्षक जवळ, माइक शक्य तो नाही. एका संध्याकाळी फक्त चार लावण्या. पहिलीच्या आधी पाच मिनिटं बोलायचं, दुसरीच्या आधी दोन, तिसरीच्या आधी एक वाक्य. चौथीच्या आधी काहीच बोलायचं नाही. तोवर त्या खोलीला ऐकायची सवय लागली असेल, तर चौथीत एखादा परका माणूस नेमक्या जागी 'वाह' म्हणेल. नसेल लागली, तर कुठे चुकलं ते वहीत लिहायचं आणि पुढच्या ठिकाणी निवेदन बदलायचं. लावणी बदलायची नाही.

हे पाच माणसांचं गणित आमच्या जिल्ह्यातल्या कला केंद्रांना अशक्य नाही. त्यांना लागेल तो कागद भरून देणारा, ओळींचं भाषांतर करणारा आणि कराराचा मजकूर वाचून दाखवणारा एखादा माणूस. तुमच्यापैकी ज्यांना इंग्रजी येतं आणि ज्यांच्या जवळपास असे कलावंत राहतात, त्यांच्याकडे हे काम आहे. सुरुवात नावाच्या स्पेलिंगपासून करा.